इंग्रजी वाक्याचा प्रकार मुलांना कसा ओळखायला शिकवावा?

मुलगी पाचवीत, स्कॉलरशिपची तयारी चाललीय, वाक्यांच्या प्रकारांत गोंधळते, 'एखादी सोपी युक्ती सांगा' म्हणताय. शेवटचं चिन्ह बघायची युक्ती तुम्हाला कुणीही सांगेल. तेवढी मात्र शिकवू नका.

आमच्या जाऊबाई घरी इंग्रजीचे क्लास घेतात. त्यांचं सूत्र असं: पूर्णविराम असला की असर्टिव्ह (विधान), प्रश्नचिन्ह असलं की इंटरॉगेटिव्ह (प्रश्न), उद्गारचिन्ह असलं की एक्स्क्लमेटरी (उद्गार). मग इम्परेटिव्हला, म्हणजे आज्ञा किंवा विनंतीला, चिन्हच उरत नाही, म्हणून 'प्लीज' दिसलं की इम्परेटिव्ह! माझा मुलगा त्यांच्याकडे जायचा. फी घेत नसत, त्यामुळे आमची तोंडं बंद. सराव पेपरात त्याने 'शट द डोअर!'ला इम्परेटिव्ह लिहिलं आणि लाल फुली मिळाली. विचारायला गेले तर म्हणाल्या, "अगं, एवढं मोठं उद्गारचिन्ह दिसत नाही का तुला?" सासूबाई मध्ये पडल्या, "दोन मार्कांसाठी भांडताय काय!" प्रश्न मार्कांचा नव्हताच. दार लाव म्हणून कुणी खेकसलं तरी ती आज्ञाच असते. पोराला हे आपलं आपण कळलं होतं, ते क्लासात पुसून टाकलं. नंतर तोच विचारायला लागला, "मम्मी, 'व्हॉट यू सेड इज ट्रू'ला सुरुवातीला व्हॉट आणि शेवटी पूर्णविराम, मग काय लिहू?"

शेवटचं चिन्ह बोटाने झाका आणि मुलीला कर्ता-क्रियापद शोधायला लावा. 'हाऊ टॉल ही इज' आणि 'हाऊ टॉल इज ही', शब्द तेच चार. पहिल्यात 'ही' आधी, म्हणून उद्गार; दुसऱ्यात 'इज' आधी, म्हणून प्रश्न. कर्ता दिसतच नाही आणि वाक्य थेट क्रियापदाने किंवा 'डोन्ट'ने सुरू होतंय, तर बहुतेक वेळा इम्परेटिव्ह. माझ्या मुलाच्या वाक्यात 'व्हॉट यू सेड' हा अख्खा तुकडाच कर्ता आहे, पुढे 'इज' आलंय, म्हणजे सरळ विधान.

हो, 'हू ब्रोक द विंडो?' इथे हे चालत नाही, कारण 'हू' स्वतःच कर्ता आहे. आणि 'कॅन यू पास द सॉल्ट?' ही विनंती असली तरी परीक्षेत इंटरॉगेटिव्हच लिहायचं, तिथे रचना बघतात.

सिम्पल, कम्पाउंड, कॉम्प्लेक्सचंही (एका वाक्यात किती वाक्यं आणि कशी जोडलीत ते) विचारलंय तुम्ही. ते पाचवीला एवढं ताणू नका. फक्त 'अँड' दिसलं की कम्पाउंड असं कुणी सांगितलं, तर 'राम अँड श्याम आर ब्रदर्स' हे वाक्य पुढे करा. क्रियापद एकच, म्हणजे सिम्पल. जाऊबाईंच्या नोट्समध्ये ते अजून कम्पाउंडखालीच आहे.