पहिलं पुस्तक काढतोयस? आधी पलंगाखालची जागा बघ
एकदम १००० प्रती छापू नकोस. मी छापल्या, पैसेही माझेच. वर्षभराने प्रकाशकाने ६०० प्रती टेम्पोत घालून घरी धाडल्या. अजून पलंगाखाली आहेत, दोन गठ्ठे वाळवीने खाल्ले. डिजिटल छपाईत १००-२०० प्रतीही निघतात. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, प्रकाशकाने वेगळे पैसे मागितले तर सरळ नाही म्हण. राजा राममोहन रॉय ही सरकारी एजन्सी तो फुकट देते. किंमत ठरवताना विक्रेत्याचं कमिशन आधीच धर.

शेवटचं प्रूफ मात्र कागदावर, मोठ्याने वाच. माझ्या मुखपृष्ठावर ‘पहिला कथासंग्रह’चा ‘पाहिला कथासंग्रह’ झालाय! आणि पुस्तकाआधी दोन-चार कथा दिवाळी अंकांना पाठव, त्याही मे-जूनमध्येच. गणपतीत पाठवलेली कथा कोण वाचणार? तोवर अंक भरत आलेले असतात.