होस्ट्स फाइल पहिल्यांदा उघडताय? आधी एवढं बघा

घाबरू नका, साधी टेक्स्ट फाइल आहे ती, कुठल्या नावाचा आयपी अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरचा मशीनचा नंबर) कोणता हे कॉम्प्युटरला सांगणारी, फक्त हात लावायच्या आधी तिची एक कॉपी काढून ठेवा. लिनक्सवर इटीसी फोल्डरमध्ये असते, विंडोजवर सिस्टम३२ च्या आत ड्रायव्हर्स, त्यात इटीसी.

एका ओळीत आधी आयपी अ‍ॅड्रेस, मग स्पेस किंवा टॅब, मग नाव. म्हणजे १९२.१६८.१.२० आणि पुढे प्रिंटर, बस (आकडे फाइलमध्ये इंग्रजीतच टाका). नवीन माणूस हमखास उलटं लिहितो, नाव आधी आणि अ‍ॅड्रेस नंतर, आणि मग तासभर डोकं धरून बसतो.

बाकी नेहमीच्या चुका:
- नावाआधी एचटीटीपी किंवा मागे पोर्ट नंबर (:८०८० सारखा) लावणं. इथे फक्त नाव चालतं.
- विंडोजवर नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून न उघडणं, मग सेव्हच होत नाही, आणि झालीच तर मागे डॉट टीएक्सटी चिकटतं आणि ती फाइल कोणी वाचतच नाही.
- १२७.०.०.१ लोकलहोस्टची ओळ उडवणं. ती राहू द्या.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ज्या मशीनला नाव देताय तिचा अ‍ॅड्रेस राउटरमध्ये फिक्स करून घ्या, नाहीतर आज चाललेलं नाव उद्या अ‍ॅड्रेस बदलला की बंद पडेल आणि तुम्ही फाइलमध्ये चूक शोधत बसाल. बदल फक्त त्याच कॉम्प्युटरपुरता असतो, दुसऱ्यावर हवा तर तिथेही लिहा.

तपासायला पिंग कमांड वापरा, एनएसलुकअप नको, ते थेट डीएनएस सर्व्हरला (नावावरून अ‍ॅड्रेस शोधून देणाऱ्या सर्व्हरला) विचारतं, ही फाइल बघतच नाही. स्वतःचा डीएनएस सर्व्हर वगैरे नंतर, आधी दोन-तीन नावं नीट चालू द्या.