मुंबईहून महासागरावरून जाणाऱ्या विमानासाठी आणीबाणीचे विमानतळ कसे ठरवतात?
मुंबई–मॉरिशस मार्गाचेच उदाहरण घेऊ. दोन इंजिनांच्या विमानाने, एकाच इंजिनावर उडूनही ६० मिनिटांत विमानतळ गाठता येईल अशाच टप्प्यात राहावे, हा मूळ नियम आहे. त्यापलीकडे जायचे तर १२० किंवा १८० मिनिटांची खास परवानगी लागते. म्हणून उड्डाणापूर्वीच माले किंवा माहे (सेशेल्समधले, आपले केरळालगतचे नव्हे) अशी ठिकाणे हेरून तिथली धावपट्टी, अग्निशमन व्यवस्था आणि त्या वेळचे हवामान तपासले जाते. माझ्या मते खरी कसोटी इंधनाची असते, कारण दोन विमानतळांच्या मधोमध केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमानाला साधारण १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते, तिथल्या दाट हवेत इंधन भराभर जळते, आणि तरीही पोहोचता येईल एवढा साठा मुंबईतच भरून घ्यावा लागतो.