टी-शर्टच्या पाठीवरचं नाव

मी समुपदेशक आहे, दिवाळी उरकली की माझ्याकडे एक ठराविक फोन यायला लागतो. "मॅडम, शाळेचं रियुनियन आहे, जाऊ की नको?" डिसेंबरात अमेरिकावाले सुट्टीवर येतात म्हणून सगळ्या बॅचेसची गेट-टुगेदर्स तेव्हाच, पानशेत रोडला नाहीतर मुळशीला एखादं रिसॉर्ट बुक झालेलं असतं, माणशी वर्गणी ठरलेली असते, आणि चाळिशीतला कुणीतरी एकजण, नोकरी चांगली, कोथरूडला स्वतःचा फ्लॅट, रात्री दोनला टक्क जागा असतो, कारण नववीत ज्यांनी त्याला छळलं तेच चौघं ग्रुपवर "भावांनो मिस यू" टाकत असतात. बहुतेक फोन असे, त्रास भोगलेल्यांचे. ही केस मात्र पलीकडच्या बाजूची आहे. ज्यानं त्रास दिला तो आपल्या पायानं येऊन समोर बसला, असं माझ्याकडे फार क्वचित होतं.

त्याला सतीश म्हणू. नाव बदललंय, कामधंदा बदललाय, त्याला विचारून लिहितेय. दुसऱ्या माणसाला पण सतीशकरवी विचारलं. तो हो म्हणाला पण एक अट घातली, माझं खोटं नाव पण ठेवू नका, शाळेत पुष्कळ नावं ठेवून झालीत. म्हणून तो इथे नुसता "तो".

सतीश ४१ वर्षांचा, भोसरीत स्वतःचं वर्कशॉप, दहावी १९९९ ची, पेठेतली मराठी शाळा. पंचवीस वर्षं झाली म्हणून मोठं रियुनियन, आणि हा कमिटीवर. कुणीतरी आयडिया काढली की टी-शर्ट करू, पुढे शाळेचं बोधचिन्ह आणि पाठीवर प्रत्येकाचं शाळेतलं टोपणनाव. एक्सेल शीट सतीशनंच बनवली, ६१ नावं. ढब्बू, बगळा, काका, मामा, आणि एका नावापुढे "चेतक". शीट ग्रुपवर पडली, हसण्याच्या इमोजींची रांग लागली, कुणीतरी लिहिलं "किक मारा रे त्याला" आणि दहा मिनिटांत ती बारीक ओळ आली, अमुक अमुक लेफ्ट. ॲडमिननं "अरे भावा मजा करतोय" म्हणत परत ॲड केलं. तो परत लेफ्ट.

सतीशची बायको शेजारी बसून मटार सोलत होती, तिनं सहज विचारलं, चेतक का रे? यानं हसत हसत सगळं सांगितलं. ती हसली नाही. मटार सोलत राहिली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "नाव कुणी ठेवलेलं, तूच ना?" बास, एवढंच. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो माझ्याकडे आला.

तर तो मुलगा अडखळत बोलायचा. हजेरीला "हजर" म्हणताना ह वर अडकायचा, मान एका बाजूला कलायची, डोळे मिटायचे, शब्द काही यायचा नाही. आणि ज्यांनी घरी बजाज चेतक वापरलीय त्यांना सांगायला नको, पावसाळ्यात सकाळी स्कूटर चालू व्हायची नाही तेव्हा ती आधी एका बाजूला चांगली तिरकी करायची आणि मग किक मारायची. सातवी-आठवीतल्या पोरांना हे जोडायला कितीसा वेळ लागतो. मधल्या सुट्टीत दोघं त्याचे खांदे धरून त्याला तिरका करायचे, तिसरा मांडीवर किक मारायचा, बाकीचे तोंडानं स्कूटरचा आवाज. तिसरा म्हणजे सतीश. तीन वर्षं. मी विचारलं रोज का, तर म्हणाला, "नाही नाही, रोज नाही मॅडम, आठवड्यातून तीनचारदा." आणि स्वतःच गप्प झाला, कारण शाळा आठवड्यातून सहाच दिवस असते.

पहिल्या सेशनला त्याच्याकडे सगळी उत्तरं तयार होती, ती तुमच्याही ओळखीची असतील. सगळेच करायचे. मला पण ढब्बू म्हणायचेच की. लहान होतो. आणि सर्वात इंटरेस्टिंग म्हणजे हे: "तो नाटक करायचा असं वाटायचं आम्हाला. प्रार्थनेत, प्रतिज्ञेत एकदम फाडफाड म्हणायचा हो! मग हजेरीलाच कसं होतं?" पंचवीस वर्षं हा माणूस हे पटवून घेऊन बसलेला. मी त्याला सांगितलं की अडखळणाऱ्या माणसांचं असंच असतं, गाताना किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना बहुतेकांना अडत नाही, आणि आपली पाळी येणार, आपलं नाव पुकारणार, सगळे बघणार असं झालं की अडतं. हे साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं, बऱ्याच मुलांचं आपोआप जातं, काहींचं राहतं, मुलग्यांचं जास्त राहतं. घराण्यात असू शकतं. भित्रेपणा नाही आणि नाटक तर नाहीच. म्हणजे ज्याला तुम्ही पुरावा समजत होतात ते त्या त्रासाचं लक्षणच होतं. तो म्हणाला, "आयला." मग सॉरी म्हणाला.

ढब्बूचं पण बोललो. शाळेतल्या छळावर पहिल्यांदा नीट अभ्यास केला डॅन ओल्वेयस नावाच्या माणसानं, १९७० च्या दशकात, स्वीडन-नॉर्वेकडे. त्याची फूटपट्टी सोपी आहे, मुद्दाम केलं का, पुन्हा पुन्हा केलं का, आणि समोरचा परत देऊ शकत होता का. मी सतीशला एवढंच विचारलं, ढब्बू म्हणणाऱ्याला तुम्ही एक ठेवून देऊ शकत होतात ना? हो म्हणाला. तो देऊ शकत होता का? यावर बराच वेळ तो माझ्या खिडकीतून नळ स्टॉपचा ट्रॅफिक बघत बसला.

इथे एक कबुली देते. आम्हा समुपदेशकांना सवय असते की त्रास देणाऱ्याच्या घरात डोकवायचं, बाप मारायचा का, दारू होती का, काहीतरी सापडतंच या विश्वासानं. मी पण दोन सेशन शोधलं. काही नव्हतं. वडील बँकेत, आई प्रेमळ, घरी कॅरम. तो हे करायचा कारण सगळे हसायचे आणि हसवल्यावर त्याला भारी वाटायचं. मला हे पचायला जड गेलं, पण आहे ते आहे.

आणि हसणाऱ्यांत एक शिक्षकही होते. हजेरीला तो अडकला की, "अरे कुणीतरी किक मारा रे." हे वर्गात, खडू हातात घेऊन. आज शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलांना मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, पण कायदा आला २००९ मध्ये, ही पोरं तेव्हा पंचविशीच्या पुढे. सर हयात आहेत. रियुनियनच्या गुरुजन सत्कारात शाल-श्रीफळाच्या यादीत त्यांचं नाव तिसरं होतं.

आता सतीशला करायचं काय होतं? सत्कार झाला की माइक घ्यायचा, त्याला स्टेजवर बोलवायचं आणि सगळ्यांसमोर जाहीर माफी मागायची. तो ग्रुप सोडून गेलाय, तरी कुणालातरी सांगून त्याला तेवढ्यापुरतं आणायचं, हे पण ठरलेलं. डोळे भरून आले होते सांगताना. मी म्हटलं, बरं, तुम्ही माफी मागितलीत, मग तो काय करेल? "मिठी मारेल." आणि नाही मारली तर? साठ लोक मोबाइल काढून शूटिंग करतायत, सर बघतायत, तुम्ही रडताय, आणि माइक त्याच्या हातात दिलाय, बोल काहीतरी म्हणून. कुणाच्या हातात माइक देताय ते बघा. "सतीश, तुम्ही त्याला परत तिरका करताय."

जरा कडक झालं माझं. पण ते लागलं.

तिसऱ्या सेशनला तो म्हणाला, एवढं काय होतं हो त्यात, जोरात नाही मारायचो. मी म्हटलं दाखवा. उठा आणि दाखवा कसं करायचात. तो उठला, हसत, थोडा ओशाळून. डावा हात पुढे करून हवेतला खांदा धरल्यासारखा केला, "असं धरायचे बाकीचे, मग मी..." आणि पाय उचलला. पाय गुडघ्यातून वर, बूट माझ्या टीपॉयपासून वीतभर. आणि पुढे जाईना. खाली पण येईना. एवढा आडदांड माणूस एका पायावर डुलत होता. मग खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तो कधी ओरडला नाही. ओरडायला पण शब्द लागतो ना."

मग तो पंचवीस वर्षांवर आला, आता कोण लक्षात ठेवतंय. तर ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर अभ्यास चालूय. त्यातल्या ७७७१ जणांची माहिती २०१४ मध्ये छापून आली. सात आणि अकरा वर्षांचे असताना ज्यांना इतर मुलांनी छळलं होतं असं आईवडिलांनी सांगितलेलं, त्यांच्यात पन्नाशीला सुद्धा नैराश्याचं, चिंतेचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा जास्त निघालं. प्रत्येकाचं तसंच होतं असं अजिबात नाही, बरेच जण मस्त जगतात. पण "लहानपणीचं कोण लक्षात ठेवतं" हे वाक्य मी माझ्या खोलीत चालू देत नाही.

माफीचा पहिला खर्डा त्यानं व्हॉट्सॲपवर टाइप करून आणला, तीन स्क्रीन भरून. मी प्रिंट काढून पेन्सिलनं गोल केले, "तुला वाईट वाटलं असेल तर", "तेव्हा समज नव्हती", "आपण सगळेच", "मला रात्ररात्र झोप नाही". तुमची झोप त्याच्या खात्यात कशाला टाकताय? "जर" आला की माफी गेली. दुसरा खर्डा आणखी लांब. पाचवा चार ओळींचा झाला: मी काय केलं, किती वर्षं केलं, नाव मी ठेवलं, ते चूक होतं. उत्तर द्यायची गरज नाही, भेटायची गरज नाही.

तोही थेट पाठवायचा नाही असं ठरलं. वर्गातली एक मैत्रीण दोघांच्या संपर्कात होती, तिनं आधी त्याला विचारलं, सतीशला काही लिहायचंय, पाठवू दे का? नको म्हणाला असता तर विषय संपला, सतीशनं ते गिळायचं होतं, आणि हे मी त्याच्याकडून आधी कबूल करून घेतलं होतं. अकरा दिवस काही नाही. सतीश मला रोज फोन करायचा, मी दोनदाच उचलला. बाराव्या दिवशी त्याचं "पाठव" आलं, त्यावर मेसेज गेला आणि रात्री उत्तर, "वाचलं. येणार नाहीये. टी-शर्टवरून काढ."

एवढंच. सतीश खट्टू झाला, त्याला वाटलं काहीतरी मोठं येईल. मी म्हटलं अहो, त्यानं तुमच्याकडे पंचवीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंय, ते करा ना.

ते करणं सोपं नव्हतं बरं का. टी-शर्ट छापून आले होते. कमिटीत आरडाओरडा, एकासाठी सगळं कशाला, तो येत पण नाहीये. सतीशनं सगळ्यांच्याच पाठीवरची टोपणनावं काढून नुसतं "१९९९" छापायला लावलं, दुसऱ्या लॉटचे पैसे स्वतः भरले, आणि का ते ग्रुपवर एका ओळीत लिहिलं, "ते नाव मी ठेवलं होतं, ते परत कुणी वापरू नका." त्याचं नाव न घेता. तीन जणांनी अंगठा दिला, दोघं म्हणाले लई सेंटी झालास. बगळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गृहस्थांनी मात्र पर्सनलवर थँक्यू लिहिलं. सरांच्या शालीचं काय करायचं यावर आमचं एकमत झालं नाही. सत्कार झाला, सतीश त्या वेळी जेवणाच्या काउंटरपाशी उभा राहिला. मला ते पुरेसं वाटलं नाही, त्याला वाटलं.

आता तुमच्यापैकी जे फोन करणारे आहात, म्हणजे ज्यांना त्रास झालाय, त्यांना. जाऊ की नको, यात नको म्हणणं म्हणजे हरणं नाही, तो माणूस गेला नाही आणि त्याचं काहीही बिघडलं नाही. जायचं असेल तर स्वतःची गाडी न्या किंवा परतीची सोय आपल्या हातात ठेवा, एकच माणूस असा बघा ज्याला सगळं माहितीये, आणि जुन्या नावानं कुणी हाक मारली तर काय म्हणायचं ते घरी दोनदा मोठ्यानं म्हणून बघा, "मला माझ्या नावानं हाक मार" इतकं पुरतं. कुणी माफी मागितली तर लगेच "अरे सोड रे" म्हणायची सक्ती नाही, "ऐकलं" म्हणून ताट भरायला जाता येतं. आणि नुसतं ग्रुपचं नोटिफिकेशन बघून छातीत धडधडत असेल, झोप उडाली असेल तर रियुनियनची वाट न बघता कुणाशीतरी बोला, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत पण बोलतात.

फेब्रुवारीत सतीश शेवटच्या सेशनला आला, खरं तर ठरलेलं नव्हतं, आदल्या दिवशी फोन करून वेळ मागितली. त्याच्या मोबाइलवर एक व्हॉइस नोट आली होती, दोन मिनिटं चाळीस सेकंदांची. टाइप करणं केवढं सोपं होतं त्याला, पण बोलून पाठवलेलं. सतीश म्हणाला पार्किंगमध्ये गाडीत बसून ऐकली, मध्ये मध्ये इतका वेळ आवाजच नाही की पहिल्यांदा वाटलं संपली, पुढे ढकलायला अंगठा गेला होता, मग काढला.

मोबाइल टेबलावर ठेवून म्हणाला, ऐकवू का तुम्हाला?

मी नको म्हटलं. ती तुम्हाला आलीये.