वाचकांचे प्रश्न : गौतम राजाध्यक्ष

प्रश्न : छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष यांनी व्यवसायाची सुरुवात चित्रपटसृष्टीतूनच केली का? त्यांच्या छायाचित्रांचे वेगळेपण कशात आहे?

उत्तर : नाही. १९५० साली मुंबईत जन्मलेले राजाध्यक्ष सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकले आणि पुढे ‘लिंटास’ या जाहिरात संस्थेत दाखल झाले. १९८० च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ यांची छायाचित्रे टिपल्यावर त्यांना ही वाट सापडली, आणि १९८७ मध्ये नोकरी सोडून त्यांनी पूर्णवेळ व्यक्तिचित्रणच पत्करले. मराठी वाचक त्यांना ‘चंदेरी’ या मनोरंजनविषयक मराठी नियतकालिकाचे संपादक म्हणूनही ओळखतात. त्यांचे खरे बळ मात्र प्रकाशयोजनेत होते : चेहऱ्यावर मऊ उजेड पसरवून, पार्श्वभूमी शांत ठेवून ते पाहणाऱ्याची नजर थेट डोळ्यांवर आणत, त्यामुळे तारकेच्या झगमगाटाआड असलेली व्यक्ती दिसू लागे. सौंदर्य खुलवणे म्हणजे खोटेपणा, हा आक्षेप मला त्यांच्याबाबतीत मुळीच पटत नाही. १९९७ च्या ‘फेसेस’ या संग्रहात दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या रायपर्यंतचे चेहरे एकत्र पाहता येतात. १३ सप्टेंबर २०११ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.