कोणाचा बैल, कोणाचं गाढव?

वाचकांचे प्रश्न

आदरणीय मावशी, सलाम.

मी खडकीत राहतो. वय २९, चाकणला एका कारखान्यात नोकरी. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तीन वर्षं इमारत निधी गोळा होत होता. आई तिच्या पेन्शनमधून दर महिन्याला पाचशे रुपये देत होती. फेब्रुवारीत कळलं की त्यातली बरीच रक्कम पाळकसाहेबांनी स्वतःच्या फ्लॅटच्या हप्त्यांना वापरली. कमिटीपुढे त्यांनी ते कबूल केलं, पण मंडळीला कोणी काहीच सांगितलं नाही. मी सभेत विचारलं तेव्हा मंडळीतले एक वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, म्हणाले, "अभिषिक्ताला हात लावू नकोस. दाविदानेही पाप केलं होतं." त्यानंतर मी उपासनेला गेलो नाही.

याच माणसाने माझा बाप्तिस्मा केला. एप्रिल २०२१ मध्ये बाबा कोविडने गेले, एकही नातेवाईक आला नाही, तेव्हा दफनभूमीत पीपीई किट घालून हेच उभे होते. मग तो बाप्तिस्मा, ती प्रार्थना, सगळं खोटं का? आता पुढच्या महिन्यात कमिटीची निवडणूक आहे. एक भाऊ फार सुंदर बोलतात, सगळे तरुण त्यांच्या मागे आहेत, मीही यावं म्हणतात. मला कोणावरच विश्वास ठेवावासा वाटत नाही. आई रविवारी एकटीच रिक्षाने चर्चला जाते.

एक वाचक, खडकी

बाळा, सलाम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा आईच्या त्या रिक्षापाशी थांबले. तिच्याकडे शेवटी येते. आधी त्या वडिलांच्या वाक्याचं बघू, कारण ते वाक्य मी पुण्यातल्या निदान चार मंडळ्यांत ऐकलंय आणि दर वेळी ते हिशेब मागणाऱ्याचं तोंड बंद करायलाच वापरलं गेलंय.

वाक्य दाविदाचं आहे. त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल एन-गेदीच्या गुहेत एकटा हाती लागला, सोबतचे म्हणाले, हीच वेळ आहे. दाविदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, आणि परमेश्वराच्या अभिषिक्तावर, म्हणजे तेल ओतून नेमलेल्या राजावर, मी हात टाकणार नाही म्हणाला. म्हणजे जिवे मारणार नाही. पण तीच गोष्ट चार ओळी पुढे वाच. दावीद गुहेबाहेर आला, शौलाला मोठ्याने हाक मारली, त्याच्या सगळ्या सैन्यादेखत तो कापलेला काठ उंच धरला आणि विचारलं, माझा गुन्हा काय, तू माझा जीव घ्यायला का निघालास? हात टाकला नाही आणि तोंडही बंद ठेवलं नाही. तुझ्या सभेत तू प्रश्न विचारलास, तेव्हा तू दाविदाच्या बाजूला उभा होतास.

आता शमुवेलाकडे ये. मी ३१ वर्षं बँकेत कॅशियर होते, रास्ता पेठेतल्या शाखेत, म्हणून असेल, पण पहिल्या शमुवेलाचा बारावा अध्याय मला फार जवळचा आहे. म्हातारा शमुवेल कारभार सोडताना सगळ्या इस्राएलापुढे उभा राहतो आणि स्वतःच म्हणतो: सांगा, मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव घेतलं? कोणाला फसवलं? कोणाकडून लाच घेतली? सांगा, मी भरून देतो. एवढा मोठा संदेष्टा, आणि तो लोकांकडून नाहरकत दाखला मागतो. कोणी मागायच्या आधी मागतो. हे सोपं नव्हतं, कारण त्याच्याच दोन मुलांनी बैर-शेबात न्यायाधीश असताना लाच खाल्ली होती आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. पौलही करिंथकरांना लिहितो की एवढी मोठी वर्गणी नेताना आपण सोबत आणखी माणसं पाठवतो आहोत, कोणी आपल्याला दोष लावू नये म्हणून. पैशाजवळ एकट्या माणसाला सोडायचं नाही, मग तो पौल का असेना.

तेव्हा तुझ्या मंडळीने हिशेब मागणं हे बंड नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम धर: आधी एकटा जाऊन पाळकांशी बोल, मग दोघांना घेऊन जा, मग मंडळीपुढे मांड. सभेतलं तुझं विचारणं चुकलं असं मी म्हणत नाही, पण त्यांच्या घरी जाऊन समोरासमोर अजून बोलला नसशील तर जा. आणि तुमची मंडळी नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे दर वर्षी हिशेब तपासून घ्यावेच लागतात. तपासनिसाचा अहवाल बघायला माग. विनयाने आणि लेखी माग.

दाविदाने पाप केलं होतं, हे खरंच. पण ती गोष्ट अर्धीच सांगितली गेली. शौल आणि दावीद, दोघेही पकडले गेले आणि दोघेही "मी पाप केलं" हेच शब्द बोलले. देवाने नष्ट करायला सांगितलेली अमालेक लोकांची चांगली चांगली मेंढरं मागे ठेवलेली शमुवेलाने पकडली तेव्हा शौल आधी म्हणाला, लोकांनी ठेवली. मग म्हणाला, मला लोकांची भीती वाटली. आणि कबूल केल्यावर लगेच म्हणाला, तरी माझ्या लोकांच्या वडिलांसमोर माझा मान राख. वडिलांसमोर! तुझ्या पत्रातली कमिटीची गुपचूप बैठक मला इथेच दिसली. दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवणाऱ्या दाविदाला संदेष्टा नाथानाने, गरिबाचं कोकरू हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगून, "तो मनुष्य तूच आहेस" म्हटलं तेव्हा त्याने मान मागितला नाही. नाथानाच्या गोष्टीतल्या कोकराबद्दल त्याने स्वतःच चौपट भरपाईचा निकाल दिला होता, आणि क्षमा मिळाल्यावरही त्याच्या घरातली तलवार थांबली नाही. त्याचं मूल गेलं. पुढे मुलगा अबशालोमही गेला. त्याची लाज तीन हजार वर्षं आपण वाचतो आहोत, एक्कावन्नावं स्तोत्र गातो आहोत. पाळकसाहेबांना दावीद म्हणायचं तर मग हे सगळं आलं: मंडळीपुढे कबुली, पैशांची परतफेड, आणि निदान काही काळ व्यासपीठ सोडणं.

मी हे वरून बोलत नाही. १९९८ साली आमच्या महिला मंडळाची पेटी माझ्याकडे असायची. धाकट्याच्या फीला सहाशे कमी पडले, मी पेटीतून घेतले, पगार झाल्यावर परत ठेवले. कुठे नोंद नाही. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजून पै पैचा हिशेब जुळवणारी मी. आठ वर्षांनी एका शास्त्रपाठाला नाथानाचा भाग आला आणि मला वाचता येईना. मी उभी राहून सांगून टाकलं. कोणी रडलं नाही, कोणी ओरडलं नाही. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर, निवृत्त नर्स होत्या, त्या म्हणाल्या, "बरं झालं बोललीस. आता पेटीला दोन कुलपं लावू, दोघींकडे एकेक किल्ली." तेव्हापासून दोन कुलपं आहेत. मला क्षमा मिळाली आणि पेटीची किल्ली एकटीकडे परत मिळाली नाही. दोन्ही बरोबरच होतं.

निवडणुकीबद्दल थोडंच सांगते. शौल खांद्यापासून वर सगळ्यांपेक्षा उंच होता आणि तो कसा निघाला हे शमुवेलाने डोळ्यांनी पाहिलं. तरी नवा राजा शोधताना बेथलेहेमात इशायाचा थोरला मुलगा अलीयाब समोर येताच शमुवेलाला वाटलं, हाच तो! पुन्हा उंचीच. देवाला सांगावं लागलं की मनुष्य बाहेरचं पाहतो, मी हृदय पाहतो. एकदा पोळलेले डोळेही तसेच पाहतात, म्हणून त्या सुंदर बोलणाऱ्या भावांबद्दल मी एवढंच विचारीन की खुर्च्या उचलायला ते थांबतात का, आणि त्यांना कोणी नाही म्हटलं तर त्यांचा चेहरा कसा होतो. मत जरूर दे. कोणाच्या मागे मात्र जाऊ नकोस. माझे वडील बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं घटना समितीतलं भाषण आम्हांला वाचून दाखवायचे. धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेऊ शकेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असं त्यात आहे. वडील पुढे स्वतःचं जोडायचे: "आणि चर्चमध्ये माणसाची भक्ती केली तर दोन्ही घडतं, अधोगतीही आणि मूर्तिपूजाही."

आता तुझा खरा प्रश्न. बाप्तिस्मा खोटा का?

हा प्रश्न उत्तर आफ्रिकेतल्या मंडळीने सतराशे वर्षांपूर्वी विचारला. ३०३ साली सुरू झालेल्या छळात काही धर्मगुरूंनी भिऊन पवित्र शास्त्राच्या प्रती शिपायांच्या हवाली केल्या होत्या. अशांच्या हातचा बाप्तिस्मा चालतो का, यावरून मंडळी दुभंगली आणि शंभर वर्षं दुभंगलेलीच राहिली. हिप्पोचे बिशप ऑगस्टिन यांनी जे उत्तर दिलं ते मी कधी विसरत नाही: पेत्राने बाप्तिस्मा दिला तरी देणारा ख्रिस्तच, यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचं नाव त्यांनी उगीच घेतलं नाही. येशू स्वतः बाप्तिस्मा देत नसे, त्याचे शिष्य देत, असं योहान लिहितो, आणि त्या शिष्यांत यहूदा होता. तोच योहान बाराव्या अध्यायात लिहितो की पैशाची थैली यहूदाकडे असे आणि तो त्यातलं चोरत असे.

बारा जणांच्या त्या पहिल्या मंडळीचा खजिनदार चोर होता, बाळा. प्रभूला ते माहीत होतं, आणि त्या शेवटच्या रात्री त्याने कमरेला रुमाल बांधून सगळ्यांचे पाय धुतले त्यात यहूदाचेही पाय होते. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक त्याला बळेच राजा करायला निघाले तर हा एकटाच डोंगरावर निघून गेला, आणि इथे चोराच्या पायाशी वाकला. ज्याच्या नावाने तुझ्या डोक्यावर पाणी पडलं तो हा राजा. ते पाणी ओतणाऱ्या हाताने पुढे काय केलं, त्याने तुझा बाप्तिस्मा पुसला जात नाही.

आणि दफनभूमीतला तो दिवस. शौल मेल्यावर शत्रू असलेल्या पलिष्ट्यांनी त्याचं धड बेथ-शानच्या तटावर टांगलं. याबेश-गिलादच्या लोकांना हे कळलं. चाळीसेक वर्षांपूर्वी, राजा होऊन थोडेच दिवस झालेल्या शौलाने त्यांचे डोळे फोडले जाण्यापासून त्यांना वाचवलं होतं. त्यांच्यातले वीर रात्रभर चालत गेले, धड खाली उतरवलं, अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. शौलाने पुढे काय काय केलं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. तू हिशेब मागताना एप्रिल २०२१ विसरायची गरज नाही. त्यांच्या घरी जाशील तेव्हा ती गोष्ट आधी बोल, मग पैशांची.

शमुवेल शौलासाठी रडत बसला होता तेव्हा देव त्याला म्हणाला, किती दिवस शोक करणार? शिंगात तेल भर आणि नीघ. तुझं तेल म्हणजे सध्या रिक्षाचे पैसे. या रविवारी आईबरोबर जा. पाळकांसाठी जाऊ नकोस, कमिटीसाठीही नको. तिच्या शेजारी बस.

मावशी, माझी नऊ वर्षांची मुलगी विचारते, "शौल वाईट निघणार हे देवाला माहीत होतं, मग त्याला राजा केलंच कशाला?" काय सांगू?

एक आई, हडपसर

तिला आधी हे सांगा की शौल सुरुवातीला वाईट नव्हता. निवड झाली तेव्हा तो सामानात लपून बसला होता. काहींनी त्याला हिणवलं तर गप्प राहिला, आणि पहिल्या विजयानंतर त्याच लोकांना मारायची मागणी आली तेव्हा आज कोणालाही मारायचं नाही म्हणाला. मुलांना हे कळतं. वर्गाचा मॉनिटर पहिल्या आठवड्यात कसा असतो आणि दिवाळीनंतर कसा, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

राजा हवा हा हट्ट लोकांचा होता, शेजारच्या राष्ट्रांना आहे म्हणून. देवाने शमुवेलाकडून आधी बजावलं की तो तुमच्याकडून काय काय घेईल: मुलगे रथांपुढे धावायला, मुली स्वयंपाकाला, शेतं, द्राक्षमळे, दहावा हिस्सा, गाढवंसुद्धा. तरी त्यांना हवाच होता. देवाने त्यांचं ऐकलं आणि त्यांना सोडून दिलं नाही. यापेक्षा मोठं उत्तर माझ्याकडे नाही. संडेस्कूलमध्ये २२ वर्षं शिकवताना मी इथपर्यंतच आले.

पण तुमच्या मुलीला एक शोधकाम द्या. शौलाची गोष्ट बापाची हरवलेली गाढवं शोधण्यापासून सुरू होते. राजा तुमची गाढवं घेईल असं शमुवेल सांगतो, आणि कारभार सोडताना स्वतःबद्दल विचारतो, मी कोणाचं गाढव घेतलं? आता तिला मार्काचा अकरावा अध्याय उघडू द्या. तिथे एक राजा दुसऱ्याचं शिंगरू मागवून घेतो. ते परत करण्याबद्दल तो काय निरोप पाठवतो, हे तिसऱ्या वचनात तिचं तिला सापडेल.