खाऱ्या वाऱ्यात कोणतं सिमेंट?

प्रश्न : आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. जुन्या स्लॅबचे पोपडे पडले, सळया गंजून फुगल्या, म्हणून नवं बांधतोय. भाचा म्हणतो, एलसी-३ नावाचं संशोधनातून आलेलं सिमेंट घ्या. कंत्राटदार म्हणतो, प्रयोगशाळेतलं इथे चालत नाही. कुणाचं ऐकू?

उत्तर : भाच्याची माहिती खरी आहे. स्वित्झर्लंडमधली ईपीएफएल ही तंत्रशिक्षण संस्था, क्युबातलं सांता क्लाराचं विद्यापीठ आणि आपल्या दिल्ली व मद्रासच्या आयआयटी यांनी अनेक वर्षं मिळून या सिमेंटवर काम केलं. कारखान्यात चाचण्या झाल्या, झाशीत एक घर बांधून पाहिलं आणि २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे भारतीय मानकही आलं. त्यामुळे ‘प्रयोगशाळेतलं’ म्हणून ते बाजूला सारणं बरोबर नाही.

यात क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून केलेला सिमेंटचा मुख्य घटक, साधारण निम्मंच असतं. बाकी ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी आणि थोडं जिप्सम. क्लिंकरला १४५० अंशांची भट्टी लागते, मातीला ८०० च्या आसपास पुरते. तेवढा कोळसा वाचतो. तुमच्या कामाची गोष्ट मात्र वेगळी. या मिश्रणाने काँक्रीटमधली छिद्रं फार बारीक होतात आणि खारा क्षार सळईपर्यंत सहज पोहोचत नाही. तुमचा जुना स्लॅब त्याच क्षाराने खाल्ला. एलसी-३ तुमच्याकडे मिळालं नाही तर स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट घ्या, तेही खाऱ्या हवेत चांगलं टिकतं.

पण नुसतं सिमेंट बदलून घर वाचत नाही, हे मी कोकणात नोकरी करताना पाहिलं आहे. एका बंगल्याचा स्लॅब बारा वर्षांत गळायला लागला. फोडून पाहिला तर सळईखाली काँक्रीट जेमतेम बोटाच्या पेराएवढंही नव्हतं. सळई फळीपासून वर धरणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवले होते आणि माल ओतताना ते निसटले. मालकाने सिमेंट उत्तम घेतलं होतं, त्याची पावती त्याने मला दाखवली. तो चेहरा अजून आठवतो.

किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, हवं. मालात मचूळ विहिरीचं पाणी नको, टँकर मागवावा लागला तरी मागवा. एलसी-३ किंवा स्लॅगसारखं मिश्र सिमेंट असेल तर किमान १० दिवस स्लॅब ओला राहिला पाहिजे. आळी करून पाणी साठवा, खांबांना गोणपाट गुंडाळा. कंत्राटदार चौथ्या दिवशी ‘आता पुरे’ म्हणेल, तेव्हा पाइप स्वतः हातात घ्या.

आणि स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी पट्टी घेऊन सेंट्रिंगवर चढा. दहा-बारा ठिकाणी सळई आणि फळी यांमधलं अंतर मोजा. कमी भरलं तर सकाळी माल आला तरी काम थांबवा.